यंत्राला वाचायला शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

खिळे जुळवून वर्तमानपत्र छापले जाई, त्या काळी छापखान्यात येणाऱ्या बातमीच्या कागदावर दोन प्रकारचा मजकूर असे. बराचसा मजकूर वाचकांसाठी असे. पण समासात किंवा भोवती गोल काढून आणखीही काही शब्द लिहिलेले असत. मथळा ठळक घ्यावा, हा भाग चौकटीत टाकावा, इथे कालच्या अंकातला तक्ता पुन्हा लावावा, असे ते शब्द. ते कंपोझिटरसाठी असत. तो ते वाचे, सांगितल्याप्रमाणे करी आणि छापून आलेल्या अंकात ते शब्द कुठेही दिसत नसत. चुकून एखादी सूचनाच छापली गेली, तर दुसऱ्या दिवशी गावाला हसायला विषय मिळे.

संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही अशाच दोन प्रकारच्या ओळी असतात. बँकेचे व्याज काढणारा किंवा रुग्णालयाचे बिल बनवणारा प्रोग्रॅम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असतो. यंत्राला ती भाषा कळत नाही. म्हणून मधे कंपायलर नावाचा आणखी एक प्रोग्रॅम बसलेला असतो. तो माणसाने लिहिलेला मजकूर वाचतो आणि त्यापासून यंत्राच्या आकडी आज्ञा तयार करतो. लिहिलेल्या बहुतेक ओळी यंत्राने पुढे काय करायचे ते सांगतात. काही ओळी मात्र फक्त कंपायलरला उद्देशून असतात. त्यांना डिरेक्टिव्ह म्हणजे निर्देश म्हणतात. कंपायलर त्या पाळतो आणि तयार प्रोग्रॅममध्ये त्यांचा मागमूस उरत नाही.

प्रोग्रॅम वाचून जुळवणारा असा कंपोझिटर असू शकतो आणि तो माणूस नसून खुद्द संगणकच असू शकतो, ही गोष्ट १९५०च्या सुमारास फारच थोड्यांना पटत होती. ज्यांनी ती करून दाखवली त्यांत अग्रभागी होत्या ग्रेस हॉपर. गणिताच्या प्राध्यापिका, नौदलातल्या अधिकारी आणि कंटाळवाण्या कामाच्या जन्मभराच्या शत्रू.

घड्याळे उघडणारी मुलगी

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत त्या थोरल्या. सात वर्षांच्या असताना त्यांनी गजराचे घड्याळ आत कसे चालते हे पाहण्यासाठी उघडले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातल्या सात घड्याळांचे सुटे भाग झाले होते. आईने शिक्षा केली नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढेच बजावले.

आईला स्वतःला गणिताची ओढ होती, पण तिच्या पिढीतल्या मुलींना त्या वाटेने फार पुढे जाऊ देत नसत. रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे वडिलांचे दोन्ही पाय कापावे लागले. तरीही ते कृत्रिम पायांवर कामाला जात राहिले. मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे आणि वेळ आली तर त्यांना आपल्या पायांवर उभे राहता आले पाहिजे, यावर ते ठाम होते. लॅटिनच्या कमी गुणांमुळे व्हॅसर कॉलेजने ग्रेस यांना पहिल्या वर्षी प्रवेश नाकारला. पुढच्या वर्षी तो मिळाला आणि १९२८मध्ये त्या गणित व पदार्थविज्ञानाच्या पदवीधर झाल्या. १९३०मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून एमए केले आणि त्याच वर्षी व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह केला. १९३४मध्ये येलचीच गणितातली पीएचडी मिळाली. अमेरिकेत तेव्हा गणितात पीएचडी मिळवणाऱ्या स्त्रिया मोजक्याच होत्या. व्हॅसरमध्ये त्या शिकवू लागल्या होत्याच. आयुष्य तिथेच, खडू आणि फळ्याच्या सोबतीने जाईल असे दिसत होते.

डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका महायुद्धात उतरली. पणजोबा नौदलात अॅडमिरल होते. हॉपर यांनाही नौदलात जायचे होते. पण वय पस्तिशीला आलेले आणि वजन जेमतेम ४८ किलो, म्हणजे नियमापेक्षा सहा-सात किलो कमी. शिवाय गणिताचे प्राध्यापक देशाला कॉलेजातच हवे होते. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. वजनाची अट शिथिल करून घेतली आणि डिसेंबर १९४३मध्ये नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या. १९४४च्या जुलैत त्यांची नेमणूक झाली ती जहाजावर नव्हे, तर हार्वर्ड विद्यापीठातल्या एका तळघरात.

वहीतून उतरवलेल्या आज्ञा

त्या तळघरात मार्क वन हे यंत्र होते. सुमारे ५१ फूट लांब, आठ फूट उंच, पाच टन वजनाचे. हॉवर्ड आयकेन यांच्या कल्पनेतून आयबीएमने ते बांधले होते. सेकंदाला तीन बेरजा हा त्याचा वेग आज हास्यास्पद वाटेल. पण २३ अंकी संख्यांची गणिते ते दिवसरात्र करू शकत असे आणि नौदलाला तोफांच्या माऱ्याची कोष्टके तातडीने हवी होती.

यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या कागदी पट्टीवर छिद्रे पाडून. कोणत्या ठिकाणची संख्या उचलायची, कुठे न्यायची, तिथे काय करायचे, हे सारे छिद्रांच्या संकेतात लिहावे लागे. एक छिद्र चुकले की उत्तर चुकले. पुन्हा पुन्हा करायच्या कामासाठी पट्टीची दोन टोके चिकटवून तिचे कडे करत.

या कामात एक गोष्ट हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आली. तेच ते तुकडे वारंवार लागतात. साइन काढायचा, घातांक काढायचा, वर्गमूळ काढायचे. एकदा नीट चाललेला तुकडा जो तो आपल्या वहीत टिपून ठेवी आणि दुसऱ्याला लागला की वही पुढे करी. दुसरा तो उतरवून घेई. उतरवताना नव्या जागेप्रमाणे त्यातले पत्ते बदलावे लागत, म्हणजे प्रत्येक पत्त्यात ठराविक आकडा मिळवावा लागे. हॉपर यांना इथेच खोट दिसली. गणितातले पीएचडी झालेले लोकही बेरजा चुकत होते. उतरवताना रोमन बी हे अक्षर १३ होऊन जाई, चाराच्या आकड्याचा त्रिकोण होई. तुकडा बरोबर असूनही प्रोग्रॅम चुके, कारण मधे माणसाचा हात आला.

याच काळात मार्क टू या पुढच्या यंत्रातला पतंगाचा प्रसंग घडला. ९ सप्टेंबर १९४७ रोजी त्याच्या एका रिलेत एक पतंग अडकून मेलेला सापडला आणि तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवला. ती नोंदवही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बिघाडाला बग म्हणण्याची पद्धत मात्र त्याहून बरीच जुनी, आणि पतंग शोधणाऱ्याही हॉपर नव्हेत. त्या हा किस्सा इतक्या रंगवून सांगत, की तो त्यांच्याच नावावर जमा झाला.

युद्ध संपले. १९४५मध्ये घटस्फोट झाला. वयामुळे नियमित नौदलात जागा मिळाली नाही. व्हॅसरने पूर्ण प्राध्यापकपद देऊ केले, ते त्यांनी नाकारले. हार्वर्डमधली मुदत १९४९मध्ये संपली तेव्हा त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली या कंपनीत गेल्या. बाहेरून ही वाट सरळ दिसते, पण तशी नव्हती. युद्धकाळातल्या ताणापासून सुरू झालेले मद्यपान आता व्यसन झाले होते. त्याच वर्षी दारूच्या अमलाखाली असताना पोलिसांनी त्यांना पकडले. जवळच्या मित्रांनी गप्प न बसता हा विषय स्पष्टपणे काढला. अशा वेळी बुद्धीचा किंवा पदव्यांचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो अशा स्नेह्यांचा आणि रोज उठून करावेसे वाटेल अशा कामाचा. हॉपर यांच्यासमोर तसे काम वाढून ठेवले होते. कंपनी युनिव्हॅक हा संगणक बांधत होती.

यंत्राकडे सोपवलेली नक्कल

युनिव्हॅकमध्ये छिद्रांच्या पट्टीऐवजी चुंबकीय टेप होती. हॉपर यांनी विचार केला, की वहीतले सगळे तुकडे टेपवर का ठेवू नयेत? प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक द्यायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त कोणता तुकडा हवा आणि कोणत्या संख्यांवर हवा एवढेच लिहायचे. टेपवरून तो शोधायचा, प्रोग्रॅममध्ये उतरवायचा, त्यातले पत्ते नव्या जागेप्रमाणे बदलायचे, हे काम संगणकाचे. उतरवणे आणि बेरीज करणे या दोन्ही गोष्टी माणसाला नीट जमत नाहीत आणि यंत्राला नेमक्या याच जमतात.

१९५१-५२च्या हिवाळ्यात हे काम पूर्ण झाले. त्याला नाव मिळाले ए-झिरो. तुकडे गोळा करून संकलन करणारा म्हणून कंपायलर. आजच्या मोजमापाने पाहिले तर ए-झिरो पूर्ण कंपायलर नव्हता. तयार तुकडे आणून जोडणारा आजचा लिंकर त्याला अधिक जवळचा आहे. त्याच काळात इंग्लंडमध्ये मँचेस्टरलाही अशी खटपट चालू होती. पण एक गोष्ट ए-झिरोत स्पष्ट होती. तिथला कागद यंत्राने गणित करण्यासाठी वाचायचा नव्हताच. दुसरा प्रोग्रॅम जुळवण्यासाठी तो वाचायचा होता. त्यातली प्रत्येक ओळ जणू समासातली सूचना होती.

यात एक अडचण होती. युनिव्हॅकच्या स्मृतीत फक्त १,००० शब्द मावत. त्यामुळे ए-झिरोला मजकूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच वाचून काम उरकायचे होते. मागच्या भागाकडे उडी मारायची असेल तर सोपे, कारण तो भाग कुठे बसवला ते ठाऊक असे. पण अजून न वाचलेल्या पुढच्या भागाकडे उडी असेल तर तिचा पत्ता काय लिहायचा? हॉपर यांना कॉलेजातला बास्केटबॉल आठवला. मुलींच्या नियमांनुसार चेंडू आपटत फार पुढे जाता येत नसे. मग बाजूच्या खेळाडूकडे चेंडू टाकायचा, आपण पुढे धावायचे आणि तिने तो परत द्यायचा. त्यांनी स्मृतीच्या टोकाला थोडी जागा राखून ठेवली. पुढची उडी आली की तिला त्या राखीव जागेचा पत्ता द्यायचा आणि तिथे कोणासाठी थांबलो आहोत याची खूण ठेवायची. पुढे तो भाग वाचण्यात आला की राखीव जागेत त्याचा खरा पत्ता लिहायचा. चेंडू बाजूला गेला आणि बरोबर हातात परत आला.

मे १९५२मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी हा विचार मांडला. लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. संगणक आकडेमोड करतो, प्रोग्रॅम लिहिणे त्याचे काम नव्हे, हाच समज पक्का होता. त्यात थोडा अहंकारही होता. छिद्रांचे संकेत जाणणाऱ्या मूठभरांना आपली विद्या सगळ्यांना खुली होणे रुचत नव्हते. हॉपर यांनी वाद घालण्यापेक्षा वापरून दाखवणे पसंत केले. पुढची आवृत्ती ए-टू त्यांनी १९५३मध्ये ग्राहकांना मूळ आज्ञांसह दिली आणि सुधारणा सुचवण्यास सांगितले.

शब्दांची भाषा

यानंतरची उडी मोठी होती. गोदामाचा हिशेब ठेवणाऱ्याला, पगारपत्रक करणाऱ्याला गणिती चिन्हांची भीती वाटते. मग त्यांना साध्या इंग्रजी शब्दांत का लिहू देऊ नये? बेरीज, तुलना, वाचा, लिहा अशा ठराविक क्रियापदांची छोटी भाषा बनवावी आणि कंपायलरने ती यंत्राच्या भाषेत आणावी, असा प्रस्ताव त्यांनी जानेवारी १९५५मध्ये व्यवस्थापनापुढे ठेवला. यंत्राच्या लेखी शब्द म्हणजे केवळ खुणा, हे दाखवण्यासाठी त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. परिणाम उलटाच झाला. अमेरिकेत बांधलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कशी येईल, असे साहेब लोकांना वाटले. शेवटी फक्त इंग्रजीचेच वचन देऊन परवानगी मिळवावी लागली. त्यातून फ्लोमॅटिक ही भाषा तयार झाली.

तोवर प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होऊ लागली होती. संगणक बदलला की सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागत. मे १९५९मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि सर्व यंत्रांवर चालेल अशी व्यवसायाची भाषा बनवायचे ठरले. ती म्हणजे कोबॉल. तिचा आराखडा जीन सॅमेट आणि इतर सदस्यांच्या समितीने केला. हॉपर त्या समितीत नव्हत्या, सल्लागार होत्या. मात्र समितीसमोर प्रत्यक्ष वापरातला जो मुख्य नमुना होता तो फ्लोमॅटिकचा. म्हणून कोबॉलची आई म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. डिसेंबर १९६०मध्ये एकच कोबॉल प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन अगदी वेगळ्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला.

कंपायलरसाठीच्या ओळी

कोबॉलमध्ये दोन वाचकांचा भेद उघड दिसतो. प्रोग्रॅमचे चार भाग असतात. त्यांतल्या एका भागात हा प्रोग्रॅम कोणत्या संगणकावर जुळवला जाणार आणि कोणत्या संगणकावर चालणार, हे लिहायचे. यंत्र बदलले तर शक्यतो एवढाच भाग बदलावा, बाकीचा हिशेब तसाच राहावा, ही त्यामागची कल्पना.

कंपायलरसाठीची सर्वांत उपयोगी आज्ञा म्हणजे कॉपी. समजा, एका बँकेचे ५० प्रोग्रॅम ग्राहकाची तीच नोंद वापरतात. नावाला किती अक्षरे, खाते क्रमांकाला किती अंक, तारीख कुठे, याचे वर्णन ५० ठिकाणी लिहायचे नाही. ते एका वेगळ्या मजकुरात ठेवायचे आणि प्रत्येक प्रोग्रॅममध्ये कॉपी हा शब्द व त्या मजकुराचे नाव एवढेच लिहायचे. कंपायलर वाचता वाचता त्या ओळीपाशी येतो, थांबतो, तो मजकूर शोधून आणतो, सांगितले असेल तर त्यातले काही शब्द बदलतो आणि त्या ओळीच्या जागी सगळा मजकूर ठेवतो. मग जणू तो मुळातच तिथे लिहिला होता असे समजून पुढे वाचू लागतो. मजकूर सापडला नाही तर तो तक्रार करतो. हार्वर्डच्या वहीतून उतरवण्याचे काम ते हेच, फक्त आता बी या अक्षराचा १३ होत नाही.

दुसरी सोय आणखी मजेशीर आहे. कोबॉलच्या ओळी ८० रकान्यांच्या कार्डावर लिहीत. सातव्या रकान्यात तारा असेल तर ती ओळ माणसासाठीची टीप, कंपायलरने ती सोडून द्यायची. पुढे त्याच रकान्यात डी हे अक्षर लिहिण्याची सोय आली. डी म्हणजे चूक शोधण्यासाठी घातलेली ओळ. प्रोग्रॅमच्या वरच्या भागात चूक शोधायची आहे असे लिहिले असेल, तर कंपायलर या ओळी खऱ्या आज्ञा मानतो. तसे लिहिले नसेल तर त्यांना टिपा समजून गाळतो. एकाच मजकुरापासून एक तपासणीचा आणि एक रोजच्या वापराचा, असे दोन प्रोग्रॅम तयार होतात.

१९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेल्या सी भाषेत अशा ओळी हॅश चिन्हाने सुरू होतात. कंपायलरच्या मुख्य कामाआधी एक पूर्वतयारीची फेरी होते. तिच्यात बाहेरचा मजकूर आणला जातो, ठरवलेल्या शब्दांच्या जागी दुसरे शब्द घातले जातात आणि अमुक यंत्रासाठी असेल तरच ठेवा अशा अटीच्या ओळी ठेवल्या किंवा काढल्या जातात. भाषेचा अर्थ लावण्याचे काम त्यानंतर सुरू होते.

यातून दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे हे निर्णय प्रोग्रॅम जुळवतानाच होऊन जातात. रुग्णाचे वय साठच्या वर आहे का, हा प्रश्न अशा ओळीत विचारता येत नाही, कारण तेव्हा रुग्ण समोर आलेलाच नसतो. हा प्रोग्रॅम कोणत्या यंत्रासाठी आहे, हे मात्र विचारता येते. दुसरी गोष्ट म्हणजे नक्कल अचूक होते, पण समजून होत नाही. सी भाषेत वर्ग म्हणजे ती संख्या गुणिले तीच संख्या, असे कंसांशिवाय ठरवून ठेवले आणि पुढे २ अधिक ३ यांचा वर्ग मागितला, तर मजकूर जसाच्या तसा बसतो. २ अधिक ३ गुणिले २ अधिक ३. गुणाकार आधी होतो आणि २५ ऐवजी ११ उत्तर येते. कंपायलरने सांगितले ते केले. सांगण्यात चूक माणसाची.

याहून फसवी गोष्ट म्हणजे न कळलेला निर्देश. काही निर्देश मुद्दाम टिपेसारखे दिसतील असे लिहिले जातात. जो कंपायलर ते जाणतो तो पाळतो, जो जाणत नाही तो टीप समजून पुढे जातो. काम अडत नाही ही सोय. पण आपले सांगणे पाळले गेले की गाळले गेले, हे लिहिणाऱ्याला सहज कळत नाही, हा धोका.

कंपायलरची परीक्षा

हॉपर यांच्या आयुष्याचा पुढचा टप्पा याच धोक्याशी झुंजण्यात गेला. १९६६च्या अखेरीस साठाव्या वर्षी त्यांना राखीव नौदलातून निवृत्त करण्यात आले. सात महिन्यांत नौदलाने त्यांना परत बोलावले, ते सहा महिन्यांसाठी. ते सहा महिने १९ वर्षे चालले.

कोबॉल सर्वांची भाषा झाली होती खरी, पण प्रत्येक कंपनीने तिच्यात आपापली भर घातली होती. तीच ओळ एका कंपायलरला एक सांगे, दुसऱ्याला दुसरे. नौदलात अनेक कंपन्यांची यंत्रे होती, त्यामुळे हा गोंधळ रोजचा होता. हॉपर यांच्या गटाने कंपायलरची परीक्षा घेणारे प्रोग्रॅम तयार केले. भाषेचा एकेक नियम घ्यायचा, त्यावर छोटा प्रोग्रॅम लिहायचा, तो त्या कंपनीच्या कंपायलरने जुळवायचा, चालवायचा आणि उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहायचे. कोण नियम पाळतो आणि कोण नुसते म्हणतो, हे कागदावर दिसू लागले. पुढे अमेरिकी सरकारच्या खरेदीत अशा चाचण्यांना स्थान मिळाले. भाषा नवी काढण्यापेक्षा ती सगळीकडे एकच अर्थाने वाचली जाईल हे पाहणे कमी झगमगाटाचे काम, पण सार्वजनिक हिताचे.

त्यांच्या कचेरीत उलट दिशेने फिरणारे घड्याळ होते. आजवर असेच करत आलो, या उत्तरावर त्यांचा ते घड्याळ हाच युक्तिवाद असे. दोन-तीन दिवसांत कोणालाही ते वाचता येऊ लागे. व्याख्यानाला जाताना त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे घेऊन जात आणि श्रोत्यांना वाटत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकते, हे हातात धरून कळावे म्हणून. शेजारी एक मायक्रोसेकंद दाखवणारे जवळपास ३०० मीटर तारेचे भेंडोळे ठेवत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वाया घालवलेला वेळ किती लांब असतो, ते त्यातून दिसे.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनच्या बंदरात कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर रिअर अॅडमिरल ग्रेस हॉपर निवृत्त झाल्या. वय ७९. त्या वेळी त्या अमेरिकी सैन्यातल्या सेवेत असलेल्या सर्वांत वयस्क अधिकारी होत्या. नंतरही डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या सल्लागार म्हणून त्या व्याख्याने देत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्यांचे दफन झाले. पुढे एका युद्धनौकेला त्यांचे नाव दिले गेले आणि २०१६मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर मिळाला.

वर्षाचे दोन अंक

त्यांच्या कामाची आणखी एक परीक्षा त्यांच्या मृत्यूनंतर झाली आणि तिच्याशी आपलाही संबंध आला. जागा वाचवण्यासाठी जुन्या कोबॉल प्रोग्रॅममध्ये वर्षाला दोनच अंक ठेवले होते. २००० साल उजाडताच ते १९०० समजले जाईल, हे १९९०च्या दशकात सर्वांना कळून चुकले. ही दुरुस्ती करायला हजारो भारतीय तंत्रज्ञ लागले. मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांतली मुले-मुली कोबॉल शिकून तेव्हा अमेरिकेला गेली.

त्यांच्यापुढे आलेल्या प्रोग्रॅमचे दोन प्रकार होते. ज्यांनी नोंदीचे वर्णन एकाच ठिकाणी ठेवून सगळीकडे कॉपी लिहिले होते, त्यांना वर्णन एकदा बदलून सर्व प्रोग्रॅम पुन्हा जुळवता येत. हिशेबाच्या ओळी तपासाव्या लागत, पण वर्णनाची शोधाशोध वाचे. एक खबरदारी मात्र हवी. कॉपीची आज्ञा जुळवतानाच पाळली जाते, म्हणून पुन्हा न जुळवलेला प्रोग्रॅम जुनेच वर्णन धरून बसतो आणि नव्या नोंदी चुकीच्या वाचतो. ज्यांनी हाताने ५० ठिकाणी तेच लिहिले होते, त्यांना ५० ठिकाणे शोधावी लागली, आणि प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे लिहिलेले सापडले.

हार्वर्डच्या तळघरात वह्यांवरून उतरवताना होणाऱ्या चुकांनी ग्रेस हॉपर अस्वस्थ झाल्या होत्या. त्या अस्वस्थतेतून आलेली शिस्त अर्ध्या शतकानंतर कोणाच्या तरी रात्रीच्या झोपेला उपयोगी पडली. यंत्राने उतरवावे, माणसाने विचार करावा, अशी त्यांनी कामाची वाटणी करून दिली. त्यातला यंत्राचा वाटा आता जवळपास बिनचूक चालतो. आपल्या वाट्याचे काम अजून आपल्यालाच करावे लागते.